फळा पुसून होईपर्यंत

बाईंच्या माहेरी 'हरकत नाही' हे शब्द घरातल्या माणसासारखे वावरत. वडील बस डेपोत कारकून होते. कुणी रजेवर गेलं की त्याचं काम वडिलांच्या टेबलावर येई आणि वडील म्हणत, "हरकत नाही." शेजाऱ्याने जिन्याखालची जागा आपल्या सायकलींनी भरून टाकली, तरी हरकत नाही. काकांनी शिवणयंत्र चार दिवसांसाठी म्हणून नेलं, ते काकांच्या मुली मोठ्या होऊन सासरी गेल्या तरी परत आलं नाही. आई धुसफुसायची, वडील म्हणायचे, "जाऊ दे गं, हरकत नाही." माणूस लाखात एक होता, पण लाखातले उरलेले सगळे त्याच्या डोक्यावर बसले होते.

बाईंचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, "मुलीची काही हरकत नाही ना?" वडिलांनी सवयीने उत्तर देऊन टाकलं. मुलगी आत कप विसळत होती. आता खरं सांगायचं तर तिची हरकत नव्हतीच. घड्याळं दुरुस्त करणारा तो शांत मुलगा तिला आवडला होता, आणि पुढे एवढ्या वर्षांच्या संसारात पस्तावायची वेळ त्याने आणली नाही. पण त्या दिवशी आपल्याला कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, हे तिच्या मनात राहून गेलं ते गेलंच.

बाई शिकल्या होत्या गणित. प्राथमिक शाळेत नोकरी लागली तेव्हा मोठे सर म्हणाले, "गणिताला माणूस आहे. तुम्ही नागरिकशास्त्र घ्या, काही हरकत नाही ना?" बाईंनी काय उत्तर दिलं ते सांगायला नकोच.

नागरिकशास्त्र म्हणजे शाळेतलं सावत्र पोर. इतिहासाच्या पुस्तकाला मागे चिकटवलेली काही पानं आणि मोजके मार्क. गणिताचा तास बुडाला तर पालक धावत येतात. नागरिकशास्त्राचा बुडाला तर शिपाईसुद्धा विचारत नाही. जसा विषय तशी खोली. तळमजल्यावर, रस्त्याला अगदी चिकटून, मोठ्या खिडकीची. हॉर्न, भंगारवाल्याची आरोळी, समोरच्या दवाखान्यातली रडारड, सगळं थेट आत. बाकीचे शिक्षक कुजबुजले, "बिचारी."

पोरं फळ्याकडे बघायची सोडून खिडकीबाहेर बघत. बाईंनी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी घरून पडदा आणून लावला. पोरं पडद्याकडे बघू लागली. तेव्हा मात्र बाईंनी हात टेकले. पडदा काढला, सगळी बाकं फिरवून खिडकीकडे तोंड करून मांडली आणि म्हणाल्या, "बरं बाबांनो, तुमचंच खरं. काय दिसतंय सांगा."

तिथून त्यांचं शिकवणं सुरू झालं असं म्हणायला हवं. "कचऱ्याची गाडी दिसतेय." गाडी कुणाची? गाडीवाल्या काकांची. मग काका सुट्टीवर गेले की गाडी घरी नेतात का? पोरं विचारात. "दिवा दिवसाच चालू आहे, बाई." मग कुणाला सांगायचं? विजेवाल्याला. विजेवाला कुणाचं ऐकतो? आणि दर वर्षी पहिल्या दिवशीचा ठरलेला प्रश्न: हा रस्ता कुणाचा? सरकारचा, एक जण म्हणे. पोलिसांचा, दुसरा म्हणे. एका वर्षी एका मुलीने छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या मामांचा. ते रोज इथेच गाडी लावतात." बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. चार पानांचा विषय त्या खिडकीतून आत येई आणि वर्ष संपलं तरी संपत नसे.

हरकतीचं प्रकरण सुरू झालं ते सहलीवरून. वर्गाची सहल तलावावर न्यायची ठरत होती. बाईंनी विचारलं, "कुणाची हरकत नाही ना?" सगळा वर्ग एका सुरात, "नाऽऽही." सहलीच्या दिवशी एक मुलगी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की तिला पाण्याची भयंकर भीती, रात्रभर झोपली नव्हती.

"अगं, मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

मुलगी नखाने बाक कोरत म्हणाली, "तुम्ही 'हरकत नाही ना' असं विचारलंत. मग नाहीच म्हणायचं असतं ना, बाई."

बाईंच्या डोक्यात लख्ख पडलं. प्रश्नाच्या पोटातच उत्तर भरून ठेवलेलं, आणि समोरच्याने ते फक्त परत द्यायचं. मौन म्हणजे संमती म्हणतात. इथे तर संमतीसुद्धा विचारणाऱ्याचीच. कप विसळणारी मुलगी त्यांना आठवली, पण ते त्या कुणाला बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. "कुणाची हरकत आहे?" असा सरळ. आणि तो विचारून झाला की बाई डस्टर उचलत आणि पाठमोऱ्या होऊन फळा पुसू लागत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. फळा पुसून होईपर्यंत प्रश्न उघडा. लाजणाऱ्याला धीर गोळा करायला तेवढा वेळ लागतो, आणि बाई आपल्याकडे बघत नाहीत म्हटल्यावर जीभही जरा सैल होते. हरकत घेणाऱ्याने उभं राहायचं, कारण सांगायचं, आणि मग काय करायचं तेही सांगायचं. नुसतीच हरकत म्हणजे कुरकुर. हरकत बाईंवरही घेता येते. आणि सगळं ऐकून जे ठरेल ते मात्र तोंड वाकडं न करता पाळायचं.

पालक तक्रार घेऊन येऊ लागले. "बाई, घरी भाजीवर हरकत घेतो हो."

"कारण सांगतो का?"

"सांगतो ना. काल केली तीच आज केली म्हणतो."

"आणि मग काय करायचं म्हणतो?"

"आम्लेट."

"मग बरोबर घेतोय," असं म्हणून बाई पुढच्या पालकाकडे वळत.

या बाईंचा मोठा पराक्रम शाळेसमोर रस्त्यावरच रंगवलेला आहे. एके वर्षी पालिकेची माणसं रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारायला आली आणि कोपऱ्यावर, दुकानांसमोर मारू लागली. वर्गातली पोरं खिडकीशी गोळा झाली. वर्षभर ती हाच रस्ता बघत होती. म्हातारी माणसं दवाखान्यातून निघाली की कोपऱ्यापर्यंत चालत जात नाहीत, समोरच्या समोर ओलांडतात, आणि गाड्या अंगावर येतात, हे त्यांना पाठ होतं. एकाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, हरकत आहे!" रंगारी म्हणाला, "बाळा, मला साहेबांनी जिथं सांगितलं तिथं मी मारणार." मग वर्गाने साहेबांना लिहिलं, कारण आणि मग काय करायचं या दोन्हींसकट. साहेबांकडून वाटाण्याच्या अक्षता मिळणार असंच सगळ्या शिक्षकांना वाटत होतं. पण काही आठवड्यांनी तीच माणसं परत आली, काळा रंग आणि पांढरा रंग घेऊन. कोपऱ्यावरचे पट्टे काळ्याने झाकले, दवाखान्यासमोर नवे मारले. अजूनही ऊन कललं की कोपऱ्यावर जुन्या पट्ट्यांची पुसट खूण दिसते. बाई रोज सकाळी नव्या पट्ट्यांवरून शाळेत येतात आणि रोज त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आमच्या पोरांनी रस्ता हलवला, असं त्या म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांना जराही संकोच वाटत नाही. का वाटावा?

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पोरांना हरकत शिकवणाऱ्या बाई स्वतः शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की वडिलांची मुलगी होत. जादा तास, हरकत नाही. रजेवरच्या बाईंच्या वह्या, हरकत नाही. सुट्टीच्या दिवशीची बैठक, छे छे, हरकत कसली! नवरा दुकानात बसल्या बसल्या डोळ्याला भिंग लावून म्हणायचा, "अगं, बोलेल त्याची बोरं विकतात. तू पोरांची विकून देतेस आणि स्वतःची टोपलीत कुजवतेस." बाई म्हणत, "तुम्ही तुमचा काटा बघा." आणि तो आपला काटा बघे.

मग नवे मोठे सर आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी गळकं छप्पर नीट केलं, नळांना पाणी आणलं. पण त्यांना शाळा दिसायला हवी होती. शाळेला मदत करणारे पाहुणे येतात, त्यांना बसवायला धड जागा नाही, याचा त्यांना मनापासून ओशाळेपणा वाटे. आणि दारातून आत आल्याबरोबर लागणारी, उजेडाची, मोठ्या खिडकीची खोली एकच होती.

बातमी शिपायाने आणली. "बाई, तुमचा वर्ग मागे जाणार, भांडारखोलीशेजारी. इथे पाहुण्यांसाठी सोफा येणार आहे म्हणे."

भांडारखोलीशेजारच्या खोलीलाही खिडकी होती. तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे, आणि त्या भिंतीवर एक पाइप.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून सगळं सांगितलं. खिडकी गेली तर आपल्या हातात पुन्हा ती चार पानं उरतील; पोरांना काय पाइप दाखवू, म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, कारणं एकामागून एक आली, मग काय करायचं तेही आलं. नवऱ्याने भिंग काढून ठेवलं. "हे असंच्या असं उद्या सरांना सांग."

"सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी आधी तेच."

सकाळी सर बैठकीला गेले होते. दुपारी बाई चौथीच्या वर्गावर असताना दार वाजलं. सर आत आले, मागून हातात टेप घेतलेला सुतार. सुताराने 'नमस्कार' म्हणून लगेच खिडकीखालची भिंत मोजायला घेतली.

"बाई, तुमच्या कानावर आलंच असेल," सर घाईत म्हणाले. "सोमवारपासून हा वर्ग मागे. फार शांत खोली आहे ती, तुम्हाला आवडेल. तुमची काही हरकत नाही ना?"

आणि बाईंच्या तोंडून, कालची सगळी कारणं ओठांवर असताना, गुळगुळीत घासलेल्या नाण्यासारखे ते शब्द निघून गेले. "नाही सर, हरकत नाही."

निघाले आणि बाईंना स्वतःचाच असा राग आला की कान गरम झाले. सर "छान" म्हणून वळले.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याला सगळी शाळा 'वकील' म्हणे. दिवसातून पाच हरकती घेई आणि त्यातल्या चार डब्याबद्दल असत. बाईंना वाटलं, झालं, आता हा काहीतरी भलतंच बोलणार.

"सर," वकील म्हणाला, "तुमचा प्रश्न चुकला."

सर थांबले. "माझा? कोणता प्रश्न?"

"तुम्ही 'हरकत नाही ना' असं विचारलंत. तसं विचारलं की नाहीच म्हणतात. ते धरायचं नसतं." त्याने जरा विचार केला आणि नियमाप्रमाणे पुढचं सांगितलं. "मग काय करायचं, तर परत विचारायचं. 'हरकत आहे का' असं. आणि थांबायचं."

"किती वेळ थांबायचं?" सरांना हसू आवरत नव्हतं.

"फळा पुसून होईपर्यंत," सगळा वर्ग एकदम म्हणाला.

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या. मग त्या माणसाने एक चांगली गोष्ट केली, आणि तेवढ्यासाठी त्यांना शंभर सोफे माफ. ते बाईंच्या समोर नीट उभे राहिले आणि म्हणाले, "बरं. बाई, तुमची हरकत आहे?"

डस्टर बाईंच्या टेबलावर होतं, पण बाईंचा हात उठेना. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून तिला 'मुंगी' म्हणत. तिने डस्टर उचललं आणि फळ्याच्या डाव्या टोकापासून पुसायला सुरुवात केली, बाई पुसतात तशीच, पाठमोरी आणि सावकाश. तिचा हात फळ्याच्या निम्म्यापर्यंतच पोचत होता. खालची अर्धी बाजू पुसत ती उजव्या टोकाला गेली. बाई अजून गप्पच होत्या. मुंगीने वर पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि वरची अर्धी बाजू पहिल्यापासून पुसायला लागली. आपल्या बाईंना वेळ कमी पडतोय, तर वाढवून द्यायला नको?

सुतारानेही टेप गुंडाळायचं थांबवलं होतं.

बाईंना जिन्याखालच्या सायकली दिसल्या. शिवणयंत्र दिसलं. आयुष्यभर सगळ्यांचं ओझं वाहून 'हरकत नाही' म्हणत गेलेले वडील दिसले आणि त्यांच्याबद्दल माया दाटून आली; पण हेही कळलं, की त्यांना कुणीच कधी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं नव्हतं, आणि कुणी थांबलं तर मुळीच नव्हतं. इथे मात्र एक बुटकी मुलगी स्टूल सरकवत थांबली होती. स्टूल तिसऱ्यांदा सरकलं तेव्हा बाई वर्गाकडे वळल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. मग सरांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "सर, माझी हरकत आहे."

"कारण?" वकील बसल्या जागेवरून पुटपुटला.

"कारण माझं पुस्तक ही खिडकी आहे. बाहेर ते पांढरे पट्टे दिसतात ना, ते या बाकांवरून दिसले म्हणून तिथे आले. मागच्या खोलीत मी पोरांना 'नागरिक म्हणजे काय' एवढं पाठ करून घेऊ शकेन. इथे ती नागरिक असतात, सर. आत्ता बघितलंत तुम्ही."

सर वळले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे वर आले, तरी बसले. बाहेर एक म्हातारे गृहस्थ औषधाची पिशवी घेऊन पट्ट्यांवरून सावकाश ओलांडत होते आणि एक ट्रक त्यांच्यासाठी थांबला होता.

"आणि पाहुण्यांना मी कुठे बसवू?" सरांनी विचारलं. "मग काय करायचं ते राहिलं."

बाईंना ते काल सुचलेलं होतं. "पाहुणे शाळा बघायला येतात ना? मग सोफा इथेच ठेवा. मागच्या भिंतीला, पोरांच्या मागे."

सरांनी लगेच हो म्हटलं नाही. सर लोकांना लगेच हो म्हणता येत नसावं. ते सुताराला म्हणाले, "ती मागची भिंत मोजून घ्या." सुताराने मोजली. जाताना सर दारात थांबले आणि वर्गाला म्हणाले, "सोफा मागे बसवायला कुणाची हरकत आहे?" आणि हात पुढे करून मुंगीकडून डस्टर मागून घेतलं. फळा आधीच लख्ख होता, तरी त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. कुणाची हरकत निघाली नाही. वकिलाने फक्त सोफ्यावर कधी मधी बसायला मिळेल का, एवढं विचारून घेतलं.

शाळा सुटली. बाई पट्ट्यांवरून ओलांडून नवऱ्याच्या दुकानाकडे निघाल्या. आपण बोललो याचा अभिमान त्यांना होता, पण तो थोडा. खरा अभिमान होता तो स्टुलाचा. ते त्यांनी शिकवलं नव्हतं. फळा निम्माच पुसला गेला आणि माणूस अजून तयार नसेल तर स्टूल आणायचं असतं, हे त्यांच्या पोरांनी त्यांच्याही पुढे जाऊन शोधून काढलं होतं. हे आठवून भर रस्त्यात त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही.

नवऱ्याने सगळं ऐकलं. मधे एकदा "वा रे मुंगी!" म्हणाला. मग बराच वेळ त्याच्या हातातलं घड्याळ तसंच उघडं राहिलं.

"एक विचारायचं राहून गेलं होतं," तो म्हणाला. "फार जुनं आहे."

"काय?"

"मी बाहेरच्या खोलीत होतो तेव्हा. तुझे वडील बोलले, तू आत होतीस. तेव्हाच विचारायला हवं होतं." त्याने भिंग काढून बाजूला ठेवलं. "माझ्याशी लग्न करायला तुझी हरकत आहे?"

आणि त्याने घड्याळं पुसायचं पिवळं फडकं उचललं, पाठ वळवली आणि मागचं काचेचं कपाट या टोकापासून पुसायला घेतलं, अगदी सावकाश.

बाई स्टुलावर नीट बसल्या. त्यांनी त्याला मधेच थांबवलं नाही. सगळं कपाट, वरच्या फळीच्या काचेसकट, शेवटच्या टोकापर्यंत पुसू दिलं.

"नाही," मग त्या म्हणाल्या.